असतं, पण मिळत नाही!

मित्रांनो, आपल्या अंकाच्या मराठी विभागात थोर व्यक्तींचा परिचय म्हटला की विश्वेश्वरय्या, जमशेदजी टाटा नाहीतर कलामसाहेब हे ठरलेले. या सगळ्यांबद्दल मला आदर आहेच, पण या वेळी मी जरा आडवाटेनं जाणार आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचंय त्या इंजिनीअर नव्हत्या. त्यांनी पूल बांधला नाही की रॉकेट उडवलं नाही. त्यांनी बटाटे वाटले, डाळी भिजवल्या, पहाटेची नीरा तपासली आणि आपल्या आरे कॉलनीच्या दुधाला शिस्त लावायला मदत केली. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत. साहित्यिक दुर्गाबाई भागवत सर्वांना ठाऊक असतात, पण त्यांची ही धाकटी बहीण पुष्कळांना ठाऊक नसते. १८ जून २०२३ ला गूगलच्या पानावर कमलाबाईंचं चित्र झळकलं तेव्हा आमच्या हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर ते नाव ओळखणाऱ्या दोघीच निघाल्या. म्हणून हा खटाटोप.

पण कमलाबाईंकडे जाण्याआधी एक कोडं घालते. अंधेरी पश्चिमेचं गिल्बर्ट हिल तुम्ही पाहिलं असेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, दोनशे फूट उंच उभा काळा खडक. बोरिवलीचं नॅशनल पार्क काय, मुलुंडचे डोंगर काय, घाटकोपरच्या टेकड्या काय, बहुतेक सगळा लाव्हाचाच कारभार. या बेसॉल्टमध्ये वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास लोहाची ऑक्साइडं असतात. म्हणजे आपण अक्षरशः लोखंडावर राहतो! तरीसुद्धा इथल्याच बाल्कनीत कुंडीतली जास्वंद पिवळी पडते, कढीपत्त्याची नवी पानं फिकट येतात, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. नर्सरीवाल्याला दाखवा, तो लगेच सांगेल की झाडाला लोह कमी पडतंय. लोखंडाच्या डोंगराशेजारी लोहाचा दुष्काळ! हे कसं काय?

उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि एका वाक्यात सांगता येतं. असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. मातीत लोह भरपूर असतं, पण ते गंजाच्या रूपात, म्हणजे फेरिक ऑक्साइड होऊन, कुलूपबंद बसलेलं असतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि मूळ तर फक्त विरघळलेलंच पिऊ शकतं. मातीचा पीएच एका अंकानं वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता जवळपास हजारपटीनं घसरते. मला वाटतं, कमलाबाईंचं सगळं काम आणि काही अंशी त्यांचं सगळं आयुष्य या एका वाक्याभोवती फिरलं.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यामुळे घरातल्या मुलीनं बीएस्सी करून पुढे त्याच संस्थेत संशोधनाला जायचं, हे जणू ठरलेलंच होतं. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सीत रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि बंगळुरूला अर्ज केला. अर्ज फेटाळला गेला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले, आशियातले विज्ञानातले पहिलेच नोबेल मानकरी. मुली संशोधनाला कशाला, असं त्यांचं मत होतं.

आता आपल्यापैकी कोणी असतं तर काय केलं असतं? घरी येऊन रडलो असतो नाहीतर दुसरं कॉलेज शोधलं असतं. पण ते दिवस गांधीजींचे होते. कमलाबाई तडक बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्या कचेरीबाहेर सत्याग्रहाला बसल्या. प्रवेश का नाही, याचं कारण त्यांना हवं होतं. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्षभर त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वातावरण बिघडलं तर त्याचा जाब मुलांना नाही, मुलीला! कमलाबाईंना हा अपमान आयुष्यभर बोचत राहिला. पण त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण दार किलकिलं झालं होतं.

तिथे त्यांना एम. श्रीनिवासय्या नावाचे चांगले गुरू भेटले. दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतली प्रथिनं हा त्यांचा विषय. आज हे साधं वाटतं. पण गरीब माणसाच्या ताटात जे पडतं त्याच्यात नेमकं काय आहे, हे मोजणारे लोक तेव्हा आपल्याकडे बोटावर मोजण्याइतके होते. वर्षभरात रामन यांची खात्री पटली, कमलाबाई रीतसर विद्यार्थिनी झाल्या आणि १९३६ साली एमएस्सी विशेष प्रावीण्यानं पास झाल्या. त्यांच्या कामामुळे त्या संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. एका मुलीनं वर्षभर मान खाली घालून काम केलं आणि मागून येणाऱ्यांना मान वर करून आत जाता आलं.

मग केंब्रिज. शिष्यवृत्ती मिळवून त्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिश्टर नावाच्या शास्त्रज्ञानं आपलं एक टेबल त्यांना दिवसा वापरायला दिलं. असं सांगतात की रात्री त्याच टेबलावर तो झोपत असे. (हॉस्टेलवाल्यांनो, सबमिशनच्या आठवड्यात हे लक्षात ठेवा!) पुढे रिश्टर दुसरीकडे गेला आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. प्रकाशसंश्लेषणातली हिल अभिक्रिया जीवशास्त्रात वाचली असेल, तेच हे हिल. वनस्पतींच्या ऊती हा त्यांचा प्रांत. कमलाबाई बटाट्यावर काम करू लागल्या आणि इथे आपलं लोह पुन्हा गोष्टीत येतं.

बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं. हे नाव ऐकून बिचकू नका. इलेक्ट्रिकलच्या भाषेत सांगायचं तर सजीव पेशी श्वसन करते म्हणजे अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे देत शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करते, आणि या प्रवासात ऊर्जा निघते. या साखळीतला एक हमाल म्हणजे सायटोक्रोम-सी. शंभराच्या आसपास अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन आणि मधोमध लोहाचा एकच अणू. तो अणू इलेक्ट्रॉन घेतला की फेरस होतो, दिला की फेरिक. घे, दे, घे, दे, दिवसरात्र. केंब्रिजमध्येच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली प्राणी, यीस्ट आणि वनस्पती या तिन्हींत ही रंगद्रव्यं स्पेक्ट्रोस्कोपनं पाहिली होती आणि सायटोक्रोम हे नावही त्यांचंच. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून हे दाखवलं की सायटोक्रोम-सी वनस्पतीच्या पेशीपेशीत आहे आणि तिथल्या ऑक्सिडेशनमध्ये त्याचा हात आहे. बटाटा तर जमिनीखाली, अंधारात, हिरवेपणाशी संबंध नसलेला. तोही लोहाच्या जोरावर श्वास घेतो! अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीसेक टंकलिखित पानांचा प्रबंध लिहून १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी ही पहिली भारतीय स्त्री. आपल्या सेमिनार रिपोर्टची जाडी आठवून मी इथे गप्प बसते.

आता त्या पिवळ्या पानाचं रहस्य उलगडेल. पानाला हिरवं करणाऱ्या क्लोरोफिलच्या रेणूत लोह नसतंच, तिथे मॅग्नेशियम असतं. पण ते क्लोरोफिल तयार करण्याच्या कामात लोह लागतं, आणि प्रकाशसंश्लेषण, श्वसन, डाळींच्या मुळांवरच्या गाठीतलं नत्राचं काम, सगळीकडे लोह लागतं. शिवाय झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्याला सहसा देऊ शकत नाही. म्हणून लोहाची कमतरता आधी कोवळ्या पानांवर दिसते. नत्र कमी पडलं तर उलट, आधी खालची जुनी पानं पिवळी होतात. एवढा फरक ओळखता आला तरी कुंडीचं अर्धं निदान झालं. फ्रान्समध्ये यूसेब ग्री यांनी १८४० च्या दशकात पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या क्षाराचं पाणी लावून ती हिरवी करून दाखवली होती. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत ऊस, विशेषतः खोडवा, पिवळापांढरा पडतो. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. भुईमुगाचीही तीच तऱ्हा.

झाडही गप्प बसत नाही बरं का! जास्वंद, भुईमूग, डाळी यांची मुळं आम्ल सोडून भोवतालचा पीएच उतरवतात, मग मुळाच्या पृष्ठभागावरचं एक विकर फेरिकला इलेक्ट्रॉन देऊन फेरस करतं आणि ते फेरस आत ओढलं जातं. गवताच्या कुळातली ऊस, भात, ज्वारी यांची मुळं वेगळी युक्ती करतात. ती एक पदार्थ बाहेर पाठवतात, तो फेरिक लोहाला मिठी मारतो आणि त्या जोडीला मूळ तसंच आत घेतं. पण चुनखडीची माती, बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी, कुंडीत मिसळलेला सिमेंटचा राडारोडा, सतत साचलेलं पाणी, यापुढे ही धडपड अपुरी पडते. मग आपण मदत करायची. लिटरभर पाण्यात चार-पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. नुसतं मातीत टाकलेलं हिराकस चुनखडीत लगेच फेरिक होऊन पुन्हा कुलपात जातं. म्हणून मातीसाठी चिलेट वापरतात. एफईला पाण्याचा जडपणा मोजताना ब्युरेटमध्ये भरलेलं ईडीटीए आठवतंय? तेच लोहाला खेकड्याच्या नांगीसारखं धरून ठेवतं. पण पीएच साडेसहाच्या वर गेला की त्याची पकड सुटते. तिथे ईडीडीएचए नावाचा त्याचा भाऊबंद लागतो, तो नऊपर्यंत तग धरतो. कुंडीपुरतं मात्र राडारोडा काढणं, शेणखत घालणं आणि पाण्याचा निचरा नीट करणं हे आधी.

पुन्हा कमलाबाईंकडे येऊ. केंब्रिजमध्ये जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेल्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्याबरोबरही त्यांनी काम केलं. परदेशात थांबणं सोपं होतं. त्या १९३९ लाच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात नव्यानं उघडलेल्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची एक फळी उभी केली.

विषय पुन्हा तोच, असणं आणि मिळणं! डाळीत प्रथिनं भरपूर असतात, पण कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थही असतात. म्हणजे प्रथिन पोटात गेलं, पण अंगी लागलं नाही. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या अडवणाऱ्यांचा पिच्छा पुरवला. नीट शिजवल्यावर ते बहुतांशी निकामी होतात, हे आपल्या आज्यांना अनुभवानं माहीत होतं. का होतात, हे प्रयोगशाळेनं सांगितलं. दुसरा विषय नीरेचा. ताडामाडाचा पहाटेचा ताजा रस, उन्हं चढली की आंबून ताडी होणारा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सुचनेवरून त्यांनी हे काम हाती घेतलं. नीरेत अ आणि क जीवनसत्त्वं आणि लोह आहे आणि नीरेचा गूळ केल्यावरही त्यातलं बरंच टिकतं, असं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारलेली दिसली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. माडाच्या मुळानं मातीतून सोडवून आणलेलं लोह, खोडातून वर चढलेलं, शेवटी एका अशक्त मुलाच्या रक्तात! याच काळात गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. दूध नासू नये यासाठीची पद्धत बसवण्यात त्यांचा वाटा होता.

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, ते सांगते. आपल्याकडे रक्तदान शिबिर भरतं. मुलींची रांग मोठी असते, पण रक्तदान करून बाहेर पडणाऱ्या कमी. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असलं की परत पाठवतात. गेल्या शिबिरात मीही परत आले. माझं १०.८ होतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला कारणं अनेक, पण लोहाची कमतरता हे मोठं. आणि मजा म्हणजे आपलं आतडंही मुळासारखंच वागतं. तिथेही फेरिकला फेरस करणारं विकर बसलेलं असतं आणि आत जाणारं लोह फेरसच असतं. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह आधीच जेमतेम शोषलं जातं, त्यात जेवणावर लगेच चहा प्यायला की चहातले टॅनिन ते आणखी बांधून टाकतात. उलट जेवताना लिंबू पिळलं की क जीवनसत्त्व आणि आंबटपणा दोघं मिळून ते कुलूप थोडं उघडतात. झाडाच्या मुळाला आम्ल लागतं, आपल्याला लिंबू! अर्थात हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर लिंबावर न थांबता डॉक्टर गाठायचे आणि गोळ्या पूर्ण घ्यायच्या, हे मी अनुभवानं सांगते.

कमलाबाईंना पुढे त्याच संस्थेचं संचालकपद मिळालं, पण त्यासाठी सुमारे चार वर्षं थांबावं लागलं. पात्रता होती, पद मात्र संस्थेतल्या राजकारणात अडकलं होतं. बंगळुरूच्या त्या दारानंतर तीस वर्षांनी पुन्हा तेच. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. १९६६ मध्ये नऊ स्त्रियांनी मिळून मुंबईत ग्राहकांसाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली होती, त्यांतल्या त्या एक. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या आणि तिच्या कीमत या मासिकात सामान्य ग्राहकाला समजेल असं लिहीत राहिल्या. केंब्रिजची पीएच.डी. बाई गृहिणींना आपण विकत घेतो त्यात काय असतं हे समजावून सांगत होती, आणि मला नाही वाटत की त्यांना यात काही कमीपणा वाटला असेल. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. ज्या आयुष्याची सुरुवात नकारानं झाली त्याला टाळ्या मिळत होत्या. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

तर मित्रांनो, आपण इंजिनीअर होणार. आपल्याला नवं काही तयार करायचा सोस असतो. कमलाबाईंनी फारसं नवं तयार केलं नाही. जे आहे ते माणसापर्यंत का पोहोचत नाही, एवढंच त्या शोधत राहिल्या, बटाट्यात, डाळीत, नीरेत, दुधात. हेही इंजिनीअरिंगच आहे, आणि आपल्या देशाला त्याची गरज जास्त आहे असं माझं मत.

जाता जाता मेस कमिटीला दोन मागण्या, लेखी. एक, दुपारच्या ताटात रोज लिंबाची फोड. दोन, चहाचं पातेलं जेवणानंतर निदान तासाभरानं बाहेर यावं. खर्च फार नाही. पुढच्या शिबिरात रांगेतून किती जणी परत येतात, ते मोजायची जबाबदारी माझी!